अर्ध्या ओठांचा वर्ग

चिमणीची आई आली ती थेट मोठ्या बाईंच्या खोलीत. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची, आणि चिमणी लहान गटातली सगळ्यात बुटकी मुलगी. प्रश्न संपायच्या आत चिमणीसारखी टुणकन उभी राहायची, म्हणून हे नाव पडलेलं.

"हिचं तोंड वाकडं होतंय," आई म्हणाली. "गप्प असली की सरळ. हसली, जेवली तरी सरळ. शब्द काढला की उजवी बाजू हलतच नाही. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात, नसा चांगल्या आहेत, काही झालेलं नाही. मग हे आलं कुठून?"

मोठ्या बाईंनी लहान गटाच्या बाईंना बोलावून घेतलं. बाई आल्या, चिमणीसमोर उकिडव्या बसल्या आणि टेबलावरच्या कुंडीतल्या पानाकडे बोट दाखवलं.

"पान," चिमणी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता, थोडा वर लागलेला. पण ओठांची उजवी कड घट्ट मिटलेली राहिली आणि हवा डाव्या कोपऱ्यातून फुसकन बाहेर पडली.

बाईंचा हात स्वतःच्या गालाकडे निघाला होता, तो त्यांनी मांडीवर ठेवला.

"तुम्ही रोज समोर असता हिच्या," आई म्हणाली. "तुमच्या लक्षात आलं नाही?"

"नाही आलं," बाई म्हणाल्या. ते खरं होतं.

वर्गात परत गेल्यावर त्यांनी एकेका मुलाला पुढे बोलावलं आणि तोच शब्द म्हणायला लावला. कुणाची उजवी कड कमी धरलेली, कुणाची जास्त. पण धरलेली सगळ्यांची. एकटा नव्याने आलेला मुलगा पूर्ण तोंड उघडून म्हणाला, तर शेजारच्या मुलीनं बोट लावून त्याचा उजवा गाल दाबला आणि त्याला खुणेनं सांगितलं, असं नाही, असं.

बाई खुर्चीत बसल्या. ज्यांना ऐकू येत नाही ती मुलं बोलणं डोळ्यांनी शिकतात. शिकवणारीचे ओठ जसे मिटतात तसे मिटतात, जसे उघडतात तसे उघडतात. बाईंची दुखरी बाजू डावी. मुलं आरशात बघावं तशी त्यांच्यासमोर बसत, म्हणून त्यांची उजवी. इतक्या महिन्यांत बाईंनी त्यांना प शिकवला, ब शिकवला, म शिकवला, आणि त्याच्या जोडीनं आपली दुखरी बाजू सांभाळायची रीतही.

दुखणं गालातलं होतं. दुखणं म्हणावं तर तसं नाही, कारण एरवी तिथे काहीच नसे. दात घासताना ब्रश हिरडीला लागला, खिडकीतून वारा आला, ओठ जरा जास्त ताणले गेले, की कानापासून हनुवटीपर्यंत कुणीतरी उघडी तार लावावी तसा झटका येई आणि जाई. गेल्यावर माणूस पुढचा झटका कधी येतो याची वाट बघत राही, ते जास्त वाईट. सुरुवातीला दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली. दाढ चांगली होती. ती गेली आणि झटके राहिले. मग नसांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं की चेहऱ्याचीच एक नस बिघडलीय. त्यांनी गोळी दिली, तिनं बरंचसं थांबलं, पण सगळं नाही. उरलेलं बाईंनी स्वतःच सांभाळायला घेतलं. डावी बाजू हलवायचीच नाही. मुलांना कंप समजावा म्हणून ती बाईंच्या गालाला हात लावून म म्हणायची, तेव्हा बाई उजवा गाल पुढे करत. प म्हटल्यावर कागदाची पट्टी कशी उडते हे दाखवताना पट्टी उजव्या कोपऱ्याशी धरत. आपण हे इतकं बेमालूम करतो की कुणाला पत्ता नाही, असं त्यांना वाटत होतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या मोठ्या बाईंकडे गेल्या आणि सगळं सांगितलं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "आणि हे मला आज सांगता?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही वर्ग काढून घेतला असता."

"आता काय करू मग? पेढे वाटू?"

बाई दाराकडे वळल्या.

"मी चिडून नाही बोलत," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमच्यासारखे ओठ या शाळेत कुणाचे नाहीत, हे मीच सगळ्यांना सांगत आलेय. पण त्या पोरांना बाहेर जाऊन बोलायचंय. ऐकणारी माणसं आधीच त्यांच्याकडे टकमक बघतात. त्यात वाकडं तोंड तुमच्यामुळे? सत्र संपेपर्यंत बघते. तोवर तुमचं तोंड सरळ झालं आणि त्यांचंही, तर वर्ग तुमचा. नाहीतर तुम्ही हस्तकलेच्या खोलीत. तिथे बोलावं लागत नाही."

हस्तकलेची खोली चांगली होती. उजेड भरपूर, माती, रंग, कात्र्या. पण बाईंनी आयुष्यात एकच गोष्ट नीट शिकून घेतली होती, ती म्हणजे मूल पहिल्यांदा 'आई' म्हणतं तेव्हा त्याच्यासमोर बसायचं कसं. ते सोडून मातीचे हत्ती करायचे, या विचारानं त्यांना घरी जाईपर्यंत काही सुचलं नाही.

नसांच्या डॉक्टरबाईंनी रक्ताचा अहवाल बघितला. "पहिली गोळी वाढवता येणार नाही. तिच्यामुळे तुमच्या रक्तातलं मीठ उतरलंय. ती आहे तेवढीच ठेवू आणि जोडीला दुसरी देऊ. ही स्नायू सैल करणारी गोळी आहे. ज्यांचे हातपाय ताठरतात त्यांना देतात."

"पण माझे स्नायू ताठलेले नाहीत. तुम्हीच म्हणालात, नस आहे."

"नसच आहे. नस उगाच ठिणग्या उडवते, तिला ही गोळी जरा आवरते. सगळ्यांनाच लागू पडते असं नाही, पण पहिल्या गोळीच्या जोडीला पुष्कळांना पडते. थोडी थोडी वाढवत नेऊ."

"ओठ सैल पडले तर?" बाईंनी विचारलं. "मी ओठ शिकवते."

डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं. बाईंनी शाळेचं, वर्गाचं, चिमणीचं सांगितलं. ऐकून डॉक्टरबाई हसल्या नाहीत, याचं बाईंना बरं वाटलं.

"म्हणा बघू, पान."

बाईंनी म्हटलं.

"सैल पडायची भीती वाटतेय, आणि आत्ता अर्धं तोंड मुठीसारखं आवळून धरलंय तुम्ही. या गोळीनं ओठ लोंबत नाहीत. पण झोप येईल, अंग जड होईल, झटकन उठलात तर भोवळ येईल. गाडी चालवू नका. आणि एक पक्कं लक्षात ठेवा. मनानं बंद करायची नाही. एकदम सोडली तर माणसाला भास होतात, आकडीसुद्धा येते. नकोशी झाली तर मला सांगा, मी पायरीपायरीनं उतरवीन."

घरी सासूबाई होत्या. त्यांचा रोज सकाळी स्तोत्रांचा पाठ असे आणि पाठ पुरा झाल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब घेत नसत. लग्न होऊन आल्यापासून बाई त्यांच्या शेजारी बसून पाठ म्हणत. दुखणं सुरू झाल्यापासून त्या नुसत्या बसत, ओठ मिटून.

"हल्ली पाठाला बसतेस की पहाऱ्याला, कळत नाही," असं सासूबाई मध्ये एकदा म्हणाल्या होत्या. कारण कळल्यावर मात्र त्यांनी विषय काढला नाही, उलट सुनेच्या वाटणीच्या ओळीही स्वतःच म्हणू लागल्या. "मनात म्हण. देवाला ओठ लागत नाहीत," असं त्यांचं म्हणणं.

"मुलांना लागतात, आई," बाई म्हणाल्या, आणि नव्या गोळीचं सांगितलं.

सासूबाईंनी चिठ्ठी लांब धरून वाचली. सकाळची गोळी काही खाल्ल्यावर घ्यायची होती. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून नेम केला: पाठ संपला की सुनेनं दोन घास खायचे, गोळी घ्यायची, आणि मगच आपण पाणी प्यायचं.

"कशाला, आई? तहानेनं घसा कोरडा पडतो तुमचा."

"म्हणूनच. मला तहान लागली की तुला घाई होईल. माझा मुलगा काही लक्षात ठेवायचा नाही."

"मी इथेच आहे," आतून बाईंचा नवरा म्हणाला.

"हो, तेही आम्हालाच लक्षात ठेवावं लागतं."

पहिला आठवडा झोपेत गेला. बाई मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसल्या बसल्या पेंगत. एकदा वर्गात फळ्याकडे वळल्या आणि वळलेल्याच राहिल्या. मागे बघतात तर सगळा वर्ग गालाखाली दोन्ही हात जोडून झोपायची खूण करत होता. जिना चढताना पाय दुसऱ्याचे वाटत. संध्याकाळी नवरा म्हणाला, "दार वाजवल्यावर तू उघडायला येतेस तोवर मी बाहेर म्हातारा होतो." पण झटके विरळ झाले. मात्रा वाढली तसे आणखी विरळ झाले. एका सकाळी त्यांनी तोंड धुतलं, टॉवेलनं पुसलं, आणि स्वयंपाकघरात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की डावा गाल आपण उजव्यासारखाच पुसला.

मग त्यांनी एक आगाऊपणा केला.

दुसऱ्या दिवशी वर्गात फ घ्यायचा होता. फ अवघड, त्याला ओठ चपळ लागतात, आणि सकाळच्या गोळीनंतरचा तासभर त्यांची जीभ जड असे, शब्द थोडे ओघळत. दुखणं तर जवळजवळ गेलंय. एक दिवस सकाळची गोळी नाही घेतली तर काय बिघडतं? त्यांनी सकाळी पाठानंतर दोन घास खाल्ले, गोळी जिभेखाली धरली, सासूबाईंसमोर पाणी प्यायल्या आणि मोरीकडे जाऊन गोळी थुंकली. सासूबाईंनी समाधानानं आपला पेला उचलला.

फ चांगला झाला. पट्टी उडाली, मुलं हसली. दुपारी मात्र बाईंचे हात थरथरायला लागले. छाती धडधडू लागली, आणि डाव्या गालात ती तार परत लागली, एकदा नाही, लागोपाठ. त्या फळ्याला टेकून उभ्या राहिल्या. घरी सोडायला शिपाईमावशी आल्या, त्याच सासूबाईंना म्हणाल्या, "बाईंना बघा हो, अंग कापतंय."

बाईंनी सकाळच्या गोळीचं हळूच सांगितल्यावर नवऱ्यानं डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या काय म्हणाल्या ते खोलीभर ऐकू येत होतं. चुकलेली दुप्पट घ्यायची नाही, दुपारची आहे तेवढीच आत्ता द्या, आज एकटीला सोडू नका, आणि तिला सांगा की शहाणपण शाळेत दाखवायचं.

सासूबाई पलंगाच्या कडेला बसून होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "सकाळची घेतलीच नव्हतीस?"

"नाही, आई."

"मग मी पाणी प्यायले ते?"

बाईंनी डोळे मिटले. सासूबाई ओरडल्या असत्या तर सोसलं असतं.

"माझं राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "नेम मी केला होता, तो माझा मी बघेन. पण तुझ्याशी मी खोटं कधी बोलले नाही, एवढं लक्षात असू दे." आणि त्यांनी सुनेच्या पायांवर पांघरूण ओढलं. दुसऱ्या सकाळी त्यांनी बाईंना तोंड उघडून दाखवायला लावलं, जीभ वर करून, मगच पेला उचलला. पुढे रोज हेच. नवरा म्हणे, आमच्याकडे सकाळी देव आणि दात दोन्हींचं दर्शन होतं.

हातांची थरथर थांबल्यावर बाई मोठ्या बाईंना भेटल्या. झालेलं सगळं, गोळी थुंकल्यासकट, सांगितलं आणि म्हणाल्या, "सकाळी माझी जीभ जड असते. बोलण्याचा तास मधल्या सुट्टीनंतर घेऊ द्या. सकाळी मी चित्रं आणि आकडे घेईन."

"पहिल्याच दिवशी हे मागितलं असतं तर?" मोठ्या बाईंनी विचारलं. पण वेळापत्रक बदललं.

बाईंना वाटलं होतं, आता आपले ओठ मोकळे झालेत, मुलांचेही आपोआप होतील. पहिल्या दिवशी सुट्टीनंतर त्या मुलांसमोर अर्धवर्तुळात बसल्या आणि दोन्ही कडांनी, भरभरून, "पान" म्हणाल्या.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कुणी म्हणालं "मान", कुणी "बाण". चिमणी उठून जवळ आली, बाईंच्या डाव्या गालावर बोट ठेवून तो दाबला आणि मान हलवली. "बाई, चूक."

गालाला हात लागला आणि काही झालं नाही. पण बाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. या मुलांना बाईंचे पूर्ण ओठ वाचताच येत नव्हते. त्यांच्या लेखी बोलणं म्हणजे ते अर्धं.

बाईंनी मोठा आरसा आणून भिंतीला टेकवला आणि मुलांना आपल्यासोबत त्याच्यासमोर बसवलं. मग खुणांनी आणि शब्दांनी, दोन्हींनी सांगितलं. माझ्या इथे दुखत होतं. खूप. म्हणून मी ही बाजू हलवत नव्हते. औषध घेतलं. आता कमी दुखतं. आता मी बरोबर बोलते. आधीचं चूक होतं.

मुलं गंभीर झाली. नव्या मुलानं शेजारणीकडे विजयी मुद्रेनं बघितलं. चिमणीनं आरशात स्वतःचा उजवा गाल चाचपला, मग विचारलं, "मला पण दुखतं?"

"तुला दुखतं का?"

तिनं विचार केला. नाही म्हणून हात हलवला.

"मग हलव."

"औषध?"

"तुला नको. तू नुसतं हलव."

चिमणीनं गाल हलवला. आधी फुगवला, मग सोडला, मग भीत भीत पुन्हा फुगवला, दुखतंय का बघत. तिचं बघून बाकीच्यांनी. आरशासमोर सगळा वर्ग बेडकांसारखा गाल फुगवत बसला. त्या दिवशी एकही शब्द झाला नाही.

पुढे शब्द झाले, पण हळू. मुलांची सवय जुनी होती, आणि बाईंचीही. दमल्या की त्यांची डावी बाजू आपोआप घट्ट होई. मग चिमणीच उभी राहून बोटानं आरसा दाखवी. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं. डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं की काही झटके राहतील, आणि पुढे काय करायचं ते पुढे बघू. झटका नेमका बोलताना आला तर तोंड आवळलं जायचं आणि समोरची मुलं ते आवळणं तसंच उचलायची. म्हणून बाईंनी जाड पुठ्ठ्याचा तुकडा हाताशी ठेवला. मुलांना उरलंसुरलं किती ऐकू येतं हे तपासताना शिक्षक ओठांपुढे धरतात तोच. झटका आला की पुठ्ठा ओठांपुढे. पुठ्ठा वर असेपर्यंत जे होतं ते धडा नाही, हे मुलांनी पाठ केलं.

सत्राच्या शेवटी मोठ्या बाई वर्गात येऊन मागे बसल्या. चिमणीची आईही आली होती. बाईंनी पान घेतलं, फूल घेतलं, आणि 'मामा' म्हणताना त्यांचा पुठ्ठा वर गेला.

मोठ्या बाई पुढे सरकल्या. मुलं हललीदेखील नाहीत. काहींनी हात मांडीवर ठेवले. नव्या मुलानं तेवढ्यात नाक खाजवून घेतलं. पुठ्ठ्याच्या वर बाईंचे डोळे मिटलेले दिसत होते, आणि वर्ग पाणी उकळायची वाट बघावी तसा शांत बसला होता. मग पुठ्ठा खाली आला. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, ओठ मोकळे होते.

"मामा," बाई म्हणाल्या.

"मामा," मुलं म्हणाली. दोन-तीन तोंडं अजून किंचित उजवीकडे धरलेली, बाकीची सरळ.

चिमणीच्या आईनं मुलीला पुन्हा म्हणायला लावलं, जवळून बघितलं, हनुवटी धरून उजेडाकडे वळवून बघितलं. "माझ्या मुलीपुढे तो पुठ्ठा किती दिवस धरणार तुम्ही?" तिनं बाईंना विचारलं.

"झटके येतील तोवर," बाई म्हणाल्या. "कदाचित नेहमीच."

आई मोठ्या बाईंकडे बघत राहिली. त्या वेळापत्रकावर काहीतरी लिहीत होत्या.

"तुमचा बोलण्याचा तास मधल्या सुट्टीनंतरच ठेवते, पुढच्या सत्रातही," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि बाई, ती दोन-तीन तोंडं राहिलीत ना, त्यांना आरशासमोर पुढे बसवा. मागून मला आरशात दिसत होती."

"बसवते," बाई म्हणाल्या, आणि त्या मुलांच्या खुर्च्या पुढे ओढायला लागल्या.